आडनाव नको, कागद दाखवा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या रिठदहून नागपूरला गाडी जाते. दोन वर्षांपूर्वी त्या गाडीत वाशिमहून एक नवा माणूस बसला. पांढरा सदरा, गळ्यात निळा दुपट्टा, दर दुसऱ्या वाक्याला बाबासाहेबांचे नाव. दीक्षाभूमीवर त्याने आमच्या म्हाताऱ्या बायांना हाताला धरून गर्दीतून नेले, पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. परतीच्या वाटेवर कारंजा मागे पडल्यावर त्याने सर्वांना आपले कार्ड वाटले. कार्डावर बुद्धमूर्ती, खाली मोबाईल नंबर आणि मधे छापलेले : प्लॉट, फ्लॅट, शेती यांची खात्रीशीर खरेदी-विक्री. "आपल्या माणसानं आपल्याच माणसाजवळून घर घ्यावं, पैसा समाजातच राह्यला पाह्यजे," असे तो म्हणाला. गाडीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. चाळीस पोरांच्या वर्गात सत्तावीस वर्षे "प्रश्न विचारा" असे सांगत आलेला मास्तर त्या दिवशी एकही प्रश्न विचारू शकला नाही.

माझा भाचा वाशिमला एका कृषी केंद्रात हिशेब लिहितो. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, हिने जन्मभर लोकांच्या शेतात सोयाबीन सोंगले, तूर कापली, निंदण केले. नवरा लवकर गेला. पोराला बारावीपर्यंत शिकवून तिने जे साठवले ते एकाच गोष्टीसाठी, वाशिमला स्वतःची जागा. गावातल्या घराला नमुना आठचा उतारा सोडून दुसरा कागद नाही आणि त्या घराच्या मागच्या भिंतीवरून पाटलाशी दोन पिढ्यांचे भांडण आहे. शहरात तसे नसावे, एवढेच तिचे म्हणणे. गाडीतल्या त्या कार्डावरून भाच्याने फोन केला. तिसऱ्या दिवशी तो माणूस मोटारसायकल घेऊन दारात हजर. बाराशे फुटांचा प्लॉट, भाव साडेचार लाख, इसार एक्कावन्न हजार.

"सातबारा कुठं आहे?" मी विचारले. विचारले खरे, पण जावयाला विचारावे तसे, हसत.

"मामा, सातबारा निघते ना. एनए प्रोसेसमधी हाय. तुमी मास्तर माणूस, तुमच्या शब्दावर बाई पैसे देऊन राह्यली, मंग मी काही उलटं करीन काय?"

त्याने मला मामा म्हटले आणि विषय संपला. पाचशेच्या स्टॅम्पवर इसारचिठ्ठी झाली. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. ती सही मी विसरू शकत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

चार महिने "प्रोसेस" चालली. शेवटी भाच्याने सेतू केंद्रातून गट नंबर टाकून सातबारा काढला. पंधरा रुपयांचा कागद. त्यावर लिहिले होते : भोगवटादार वर्ग २. इतर हक्कात शेरा होता की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी. आम्हाला दाखवलेले चुन्याचे पट्टे, मुरमाचा रस्ता, कोपऱ्यातला "गार्डन"चा फलक, यातल्या कशालाच त्या कागदावर आधार नव्हता. ती शेतजमीन होती आणि विकताच येत नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट वाशिमला, अकोल्याला, हिंगोलीला, कुठेही ऐकायला मिळेल. पुढची ऐका. ती जमीन ज्याच्या नावावर होती त्याला शोधत आम्ही गेलो. म्हातारा आपल्याच समाजाचा निघाला. त्याच्या बापाला सिलिंगमध्ये सुटलेल्या जमिनीतून तो तुकडा मिळाला होता. १९६१ च्या सिलिंग कायद्याने भूमिहीनांना दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, ते यासाठीच की सावकाराने आणि दांडग्याने ती पुन्हा ओढून नेऊ नये. म्हाताऱ्याने कुलमुखत्यारपत्रावर अंगठा दिला होता. "बँकेचं काम हाय म्हणे," एवढे त्याला ठाऊक. हातात थोडे पैसे पडले, ते नातीच्या लग्नात गेले. त्याच्या दोन भावांच्या वारसांना तर काही पत्ताच नाही.

म्हणजे पाहा, एका टोकाला आपला म्हातारा, दुसऱ्या टोकाला माझी बहीण, आणि मधे जयभीम घालणारा दलाल. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. माणसे बायकापोरांसह तुरुंगात गेली. त्या लढ्यांच्या दबावातून आणि पुढच्या कायद्यांतून जे चार-दोन एकर आपल्या हाताला लागले, ते असे बाराशे-बाराशे फुटांनी आपल्यालाच विकले जात आहेत. मोठ्या शहरात हेच मोठ्या आकड्यांत होते. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातली सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन गाजली. तिथेही कुलमुखत्यारपत्रच होते. गुन्हे दाखल झाले, अधिकारी निलंबित झाले. आपल्या वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले आणि ते योग्यच होते. पण मुंढव्यावर संतापणारा आपला कार्यकर्ता आपल्या तालुक्यातल्या अशाच एखाद्या माणसाला जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालवतो, कारण त्याने मंडपाचे पैसे दिलेले असतात. आमच्या त्या माणसानेही एका विहाराला फरशी दिली होती. हे मला नंतर कळले नाही, आधीच ठाऊक होते. त्याच फरशीवर माझा विश्वास बसला होता.

कोणी म्हणेल, मास्तर, आपल्याच माणसाची धिंड कशाला काढता? बाहेरचे दलाल काय कमी लुटतात? नाही, कमी लुटत नाहीत. ते आपल्याला दुसऱ्याच रीतीने लुटतात, आणि ती रीत आपल्या चळवळीला चांगली ठाऊक आहे.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीला गेले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव घेऊन एका पारशी खानावळीत त्यांना दिवस काढावे लागले आणि एका सकाळी लाठ्या घेतलेल्या टोळक्याने त्यांना तिथून काढले. कामाठी बागेत झाडाखाली बसून राहण्याची पाळी आली. आपल्या घरातली पोरेसुद्धा हे सांगू शकतील. आज टोळके येत नाही. आज पुण्यात नोकरीला लागलेल्या आमच्या वाशिम जिल्ह्याच्या पोराला दलाल फोनवर गोड आवाजात विचारतो, "पूर्ण नाव काय म्हणालात सर?" नाव सांगितले की फ्लॅट "कालच गेला" असतो. किंवा मग आपुलकीचा सल्ला मिळतो की त्या बाजूला पाहा, तिकडे तुमची माणसे बरीच आहेत, तुम्हाला करमेल. कोणाला कुठे करमेल हे ठरवणारा हा कोण? गावाचा गावकुसाबाहेरचा नकाशा हा शहरात आपल्या डायरीत घेऊन फिरतो.

ही नुसती आपली तक्रार नाही. आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांबाबत पाहणी केली. सारख्याच ऐपतीची, पण वेगवेगळ्या आडनावांची माणसे घर मागायला पाठवली. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दलितांना आणि त्याहून अधिक मुसलमानांना नकार मिळाला होता, आणि ज्यांना होकार मिळाला त्यांच्यापुढे जास्तीचे भाडे नाहीतर जाचक अटी ठेवल्या गेल्या. सोसायट्यांचीही तीच तऱ्हा. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवले, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली चालू दिले. सरकारी कायद्याखाली नोंदलेल्या सहकारी संस्थेला असे कुंपण घालता यावे, हे मला तरी आजवर पटलेले नाही.

पण एक कायदा आपल्या हातात आहे आणि आपण तो वापरत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. सत्तर वर्षांपूर्वीचा कायदा! तो वापरला जात नाही, कारण दलाल कधीच लेखी नकार देत नाही. मालकाचा विचार बदलला, एवढे सांगून तो मोकळा होतो. म्हणून आमच्या पोरांना माझे सांगणे आहे की बोलणे मेसेजवर करा. "हा फ्लॅट उपलब्ध आहे का" हे आधी लिहून विचारा, हो आले की मग नाव सांगा. हो चे नाही झाले तर दोन्ही मेसेज जपून ठेवा आणि त्याच दिवशी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला तोच फ्लॅट विचारायला लावा. पुरावा असा गोळा होतो. मेसेज हाती असले की पोलीस ठाण्यात निदान बोलायला तोंड राहते.

आता मुद्द्यावर येतो. या अपमानाला कंटाळून आपला माणूस काय करतो? तो "आपला" दलाल शोधतो. निदान आडनाव तरी विचारणार नाही, असे त्याला वाटते. आणि तिथे तो डोळे मिटतो. एकाने आडनाव पाहून दार लावले म्हणून दुसऱ्याने आडनाव पाहून दार उघडले की आपण आत शिरतो, घर कोणाचे आहे हे न विचारता. दलाल निवडताना जात दोन्हीकडून बाजूला ठेवली पाहिजे, असे माझे मत झाले आहे. ते एक्कावन्न हजारांना मिळाले आहे.

मग पाहायचे काय? पहिले म्हणजे, त्याचे पैसे कोण देतो. नव्या इमारतीचा फ्लॅट दाखवणारा एजंट सांगतो, "तुमच्याकडून एक रुपया घेत नाही." खरे असते ते. त्याला बिल्डर देतो. मग तो बिल्डरचा माणूस झाला, तुमचा कसा? जुन्या घराच्या व्यवहारात बहुधा टक्का-दोन टक्के दोन्हीकडून घेतात. दलालीचा दर कायद्याने ठरवून दिलेला नाही, म्हणून तो आधी बोलून, लिहून घ्यावा. आणि दलाली खरेदीखताच्या दिवशी द्यावी, इसाराच्या दिवशी नाही. खरेदीखत होईस्तोवर त्याचा जीव तुमच्या व्यवहारात अडकलेला बरा. आमच्या माणसाने इसारातूनच आपले काढून घेतले होते.

दुसरे, नोंदणी. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची केली. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. एजंटाचा आणि प्रकल्पाचा, दोन्हींचे नंबर महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतात. जाहिरातीत प्रकल्पाचा नंबर आणि क्यूआर कोड असावाच लागतो. घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. एवढे पाठ केले तरी पुण्या-मुंबईत, संभाजीनगरात निम्मे बोलबच्चन गप्प होतात.

पण रिसोडला, वाशिमला, आमच्या रिठदला? इथे खरी मेख आहे. रेराची ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीपुरती आहे. एकाचे जुने घर दुसऱ्याला मिळवून देणारा, चौकात चहा पीत शेतीचे सौदे जुळवणारा माणूस त्या जाळ्याबाहेरच राहतो. त्याला ना परीक्षा, ना नंबर, ना पाटी. छोट्या गावात गरिबाचा व्यवहार नेमका त्याच्याच हातून होतो. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकणाऱ्याला रेराची नोंदणी लागत असते, म्हणून ले-आउटवाल्याला नंबर विचारायचाच. मात्र "ही शेती आहे, गुंठ्याने घ्या" म्हणणारा तोही प्रश्न टाळतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. गुंठ्यागुंठ्याने शेती विकण्याला तो आडवा येतो. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला, २०२१ साली त्याची मुदत पुढे आणली, २०२५ मध्ये शहरी भागात आणखी सवलती आल्या. या प्रत्येक सवलतीचा दलाल असा अर्थ सांगतो की आज घ्या, उद्या सरकार नियमित करून देईल. सवलत मागच्या व्यवहारांना असते, आजच्या चुकीला नसते, हे तो सांगत नाही.

म्हणून आपल्याकडे दलालाची परीक्षा एकच. कागद मागितल्यावर तो काय करतो? चांगला दलाल, आणि असे आहेत, वाशिमलाच मला नंतर एक भेटला, तो स्वतःहून सातबारा, फेरफार, एनएचा आदेश, मंजूर ले-आउटचा नकाशा समोर ठेवतो आणि म्हणतो, तुमच्या वकिलाला दाखवा. वाईट दलाल म्हणतो, वकील आपलाच आहे. कर्जही तोच करून देतो, मोजणीही तोच आणतो, स्टॅम्पही त्याच्याच बॅगेत. एकाच माणसाकडे सगळे असले की तपासणारा कोणी उरत नाही. वकील आपण नेमलेला असावा आणि त्याने निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जुन्या खरेदीखतांची सूची घरबसल्या पाहता येते. आपल्या वस्त्यांत कॉम्प्युटर शिकलेली पोरे आहेत, त्यांना हे अर्ध्या तासाचे काम. आणखी एक साधी खूण. कर्ज लागत नसले तरी त्या प्लॉटवर कर्ज मिळेल का, हे बँकेत जाऊन विचारून पाहा. बँक ज्या कागदावर पैसे द्यायला तयार नाही, त्या कागदावर शेतमजूर बाईने का द्यावे?

कुलमुखत्यारपत्रावरची खरेदी तर दिसली की उठावे. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात साफ सांगितले आहे. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखताने. ते करताना घर बाईच्या नावाने घ्या. महाराष्ट्रात २०२१ पासून महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. दलाल ही सूट सांगत नाहीत, का ते त्यांनाच ठाऊक. आणि रोखीचा आग्रह धरणाऱ्याला सांगा की जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे २०१५ पासून आयकर कायद्याने बंद केले आहे. आमचे एक्कावन्न हजार रोख होते. पाचशेच्या नोटा, बहिणीने दोनदा मोजल्या.

विकणाऱ्यांसाठीही एक शब्द लिहितो, कारण त्या म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. सिलिंगची, गायरानपट्ट्याची, दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजनेतली चार एकर कोरडवाहू वा दोन एकर बागायती, ही जमीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी कोणत्याही कागदावर अंगठा देण्याआधी तो कागद घरातल्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. पोरगी नसेल तर विहारात आणावा. रिठदच्या विहारात मी तसे सुचवले आहे. रविवारी वंदना झाली की एक टेबल, एक कॉम्प्युटरवाला पोरगा, आणि महिन्यातून एकदा रिसोडहून आपला एखादा वकील. कमिटीतल्या काहींना ते रुचले नाही. विहारात जमिनीच्या भानगडी कशाला, असे एक जण म्हणाला. मी विचारले, फरशी कशी चालली मग? त्यावर बैठक थोडी गरम झाली. टेबल अजून यायचे आहे, पण दोन घरची माणसे आपापले सातबारे पिशवीत घालून माझ्याकडे येऊन गेली. एकाच्या उताऱ्यावर बोजा निघाला, दुसऱ्याचा साफ होता.

बहीण अजून भाच्यासोबत वाशिमला एका खोलीत भाड्याने राहते. पोलिसांत अर्ज दिल्यावर त्या माणसाने एकवीस हजार परत केले. तीस हजार यायचे आहेत. वाशिमच्या बसस्टँडवर तो अधूनमधून दिसतो. लांबूनच हात उंचावून जयभीम मामा म्हणतो. मीही जयभीम म्हणतो, आणि मग जवळ जाऊन तीस हजार मागतो.